आधी घरातली माणसं पाहा, मग सिनेमा निवडा

शनिवारी रात्री जेवणं आटोपली की बहुतेक घरांत एकच प्रश्न निघतो: आज काय लावायचं? रिमोट ज्याच्या हातात, तो वर-खाली करत राहतो. अर्धा तास नुसती पोस्टरं बघण्यात जातो, धाकटं पेंगायला लागतं, आणि शेवटी कंटाळून समोर येईल ते लावलं जातं. मग मध्येच पडद्यावर असं काही येतं की आजी पाणी प्यायच्या निमित्तानं उठून आत जातात, बाबा रिमोट शोधायला लागतात, थोरली मोबाइलमध्ये तोंड खुपसते. असं दोन-चारदा झालं की पुढच्या शनिवारी जो तो आपल्या खोलीत, आपल्या पडद्यासमोर. मला काळजी वाटते ती या शेवटच्या गोष्टीची. एखादा सिनेमा वाईट निघाला तर एक संध्याकाळ जाते. एकत्र बसण्याची सवय मोडली तर ती सहजासहजी परत येत नाही.

म्हणून सगळ्या आईबाबांना, आजीआजोबांना आणि ज्यांच्या हाती रिमोट असतो त्या दादा-ताईंना माझं एक कळकळीचं सांगणं आहे. सिनेमा निवडताना आधी आपल्या घरातून समोर कोण कोण बसणार आहे ते पाहा, आणि मग सिनेमाकडे वळा. आपण नेमकं उलटं करतो. कुणीतरी ‘छान आहे’ म्हणतं, प्रमाणपत्रावर भलतंसलतं काही दिसत नाही, आणि आपण निर्धास्त होतो.

प्रमाणपत्राचा उपयोग आहेच, तो नीट समजून घेऊ. १९५२च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याखाली चित्रपट प्रमाणन मंडळ, ज्याला आपण अजून सेन्सॉर बोर्डच म्हणतो, थिएटरात लागणाऱ्या प्रत्येक चित्रपटाला प्रमाणपत्र देतं. सुरुवातीला सर्वसामान्य प्रेक्षकांसाठी ‘यू’ आणि प्रौढांसाठी ‘ए’ असे दोनच वर्ग होते. १९८३ साली मधला ‘यूए’ आला. चाळीस वर्षं तो एकच होता आणि बारा वर्षांखालच्या मुलांच्या पालकांनी जरा विचार करावा, एवढंच तो सांगायचा. २०२३मध्ये कायदा बदलला आणि ‘यूए’चे तीन भाग झाले: ७+, १३+ आणि १६+. हा बदल फार उपयोगाचा आहे, कारण आठ वर्षांचं मूल आणि पंधरा वर्षांचं मूल यांना एका दावणीला बांधणं चूकच होतं. पण एक गोष्ट लक्षात ठेवा. ‘यूए’वरचा हा वयाचा आकडा पालकांना दिलेला सल्ला आहे. ‘ए’ असेल तर थिएटरच्या दारावर अठराखालच्या मुलाला अडवायलाच हवं. ‘यूए १६+’ला तुम्ही दहा वर्षांच्या मुलाला घेऊन गेलात, तर अडवण्याची जबाबदारी तुमच्याशिवाय कुणाचीच नाही.

घरच्या ओटीटीवर तर हे मंडळ नसतंच. तिथं २०२१च्या माहिती-तंत्रज्ञान नियमांप्रमाणे कंपनी स्वतःच आपल्या चित्रपटांना आणि मालिकांना वयोगट लावते. ‘यूए १३+’ आणि त्यापुढच्या सगळ्यांसाठी पालकांना कुलूप लावण्याची सोय देणं कंपनीवर बंधनकारक आहे. ते कुलूप मात्र आपणच लावायचं असतं, आणि कित्येक घरांत ते कधीच लावलेलं नसतं. हे वाचून झाल्यावर पाच मिनिटं काढा, सेटिंगमध्ये जा, मुलांचं प्रोफाइल वेगळं करा आणि मोठ्यांच्या प्रोफाइलला पिन घाला. पिन म्हणून जन्मसाल घालू नका, मुलांना ते पाठ असतं. आणखी एक: चित्रपट सुरू होताना वयाच्या आकड्याशेजारी बारीक अक्षरांत एक ओळ येते. हिंसा, शिवराळ भाषा, अमली पदार्थ, आत्महत्या, असं काय काय आत आहे ते त्या ओळीत लिहिलेलं असतं. मला विचाराल तर आकड्यापेक्षा ही ओळ जास्त कामाची. आकडा सगळ्या देशासाठी असतो. त्या ओळीवरून तुमच्या घराचा निर्णय तुम्हाला करता येतो.

आता जरा अवघड बोलतो. कुटुंबासोबत पाहण्याजोगा सिनेमा म्हणजे ज्यात चुंबन नाही, उघडी अंगं नाहीत, असा आपल्या बहुतेकांच्या मनातला अर्थ आहे. तेवढं नसलं की आपण समाधानी. मग त्याच सिनेमात माणसाचं डोकं भिंतीवर आपटलं जातं, नायक दहा जणांची हाडं मोडतो, रक्ताच्या चिळकांड्या उडतात, आणि आपण वाटीतले शेंगदाणे खात राहतो. नकार देणाऱ्या मुलीच्या मागे नायक शिट्ट्या मारत फिरतो आणि शेवटी ती त्याचीच होते, तेव्हाही रिमोटकडे कुणाचा हात जात नाही. जाड्या माणसावर, तोतऱ्यावर, काळ्या रंगाच्या मुलीवर, साडी नेसलेल्या पुरुषावर विनोद होतो आणि सगळं घर हसतं. त्या हसणाऱ्या घरात एखादी सावळी मुलगी बसलेली असते. तीही हसते, कारण सगळे हसताहेत. तिच्या मनात काय साचतं त्याचा विचार करा. दोन माणसांचं एकमेकांवर प्रेम आहे हे पाहून मूल बिघडत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. दुसऱ्याला दुखावणं ही गंमत आहे, हे आईबाबांच्या मांडीवर बसून शंभरदा पाहिलं तर मात्र ते त्याला खरं वाटू लागतं. कारण आईबाबा हसत होते.

जुना सिनेमा म्हणजे आपोआप सोवळा, हाही असाच एक समज. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या कितीतरी हिंदी चित्रपटांत नायकाच्या बहिणीवरचा अत्याचार हा कथानकाचा ठरलेला टप्पा असायचा, आणि ते चित्रपट आज दुपारच्या वेळी टीव्हीवर सर्रास लागतात. दादा कोंडके यांचा विनोद द्वयर्थी होता हे सगळा महाराष्ट्र जाणतो. तो मोठ्यांनी मोठ्यांबरोबर खुशाल पाहावा, पण सात वर्षांच्या मुलाला शेजारी बसवून त्याच्या ‘म्हणजे काय?’वर गप्प राहण्यात अर्थ नाही. उलट काही जुने चित्रपट आजही घरादारानं पाहावेत असे आहेत. ‘प्रभात’चा १९३६चा ‘संत तुकाराम’ आजीला तर आवडेलच, पण मुलंही तुकोबांच्या बायकोच्या, जिजाईच्या, चिडण्यात रमतात. शांतारामबापूंचा ‘शेजारी’ १९४१चा. दोन जिवलग मित्र, एक हिंदू, एक मुसलमान, आणि त्यांच्यात पाचर मारणारा एक तिसरा माणूस. दहावीतल्या मुलाशी बोलायला याहून चांगलं निमित्त मला सापडलेलं नाही.

कार्टून म्हणजे मुलांचं, हा तिसरा समज, आणि तो सगळ्यांत फसवा. जपानमध्ये १९८८ साली एप्रिल महिन्यात एकाच स्टुडिओचे दोन ॲनिमेशनपट एकाच तिकिटावर जोडीनं दाखवले गेले. एक मियाझाकींचा ‘माय नेबर टोटोरो’. आई इस्पितळात आहे, दोन बहिणी खेड्यातल्या घरात राहायला आल्या आहेत, आणि रानात त्यांना एक भला मोठा केसाळ प्राणी भेटतो. चार वर्षांच्या मुलापासून आजोबांपर्यंत कुणीही पाहावा असा. दुसरा ताकाहातांचा ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’. युद्धात बेघर झालेले भाऊ-बहीण, आणि उपासमारीनं हळूहळू संपत जाणारी ती चिमुकली. फार मोठी कलाकृती आहे, मोठ्यांनी जरूर पाहावी. पण पोस्टरवर दोन गोड मुलं दिसतात म्हणून सहा वर्षांच्या लेकराला घेऊन ती लावली, तर ते मूल रात्रभर झोपणार नाही.

भीतीबद्दलही थोडं सांगायला हवं, कारण मुलांची भीती वयाप्रमाणे बदलते हे आपण विसरतो. अगदी लहान मुलांना जे दिसायला भयंकर ते भयंकर वाटतं: मुखवटा, विद्रूप चेहरा, अचानक मोठा आवाज. गोष्ट गमतीची आहे हे त्यांना सांगून उपयोग नसतो. महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ १९९३ साली आला, तेव्हा सगळ्यांनी तो विनोदी म्हणूनच पाहिला, लक्ष्मीकांत बेर्डे यांना पाहून पोट धरून हसले. पण रामदास पाध्ये यांनी घडवलेला तो तात्या विंचूचा बाहुला अनेक मुलांच्या स्वप्नात पुढे कितीतरी दिवस येत राहिला. आज तिशी-चाळिशीत असलेल्या कुणालाही विचारा. आठ-नऊ वर्षांची झाली की मुलं बाहुल्याला हसू लागतात. मग त्यांना खरोखर घडू शकणाऱ्या गोष्टी भिववतात: आईचं मरण, घराला लागलेली आग, कुणीतरी पळवून नेणं. तेव्हा ‘यात भूत नाही’ एवढ्यावर सिनेमा त्यांच्यासाठी सुरक्षित ठरत नाही. घरात पाच वर्षांचं आणि अकरा वर्षांचं अशी दोन मुलं असतील, तर निवड पाच वर्षांच्याला धरून करा आणि अकरा वर्षांच्याला त्याचा सिनेमा वेगळ्या दिवशी, त्याच्याबरोबर बसून दाखवा. त्याला तो मान हवा असतो.

पण वयाहूनही महत्त्वाचं आहे ते त्या दिवसांत तुमच्या घरात काय चाललं आहे. ही गोष्ट कुठल्याही प्रमाणपत्रावर लिहिलेली नसते.

‘श्वास’ घ्या. २००४चा संदीप सावंत यांचा हा चित्रपट. ‘श्यामची आई’नंतर पन्नास वर्षांनी मराठीला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्यानं मिळवून दिला. कोकणातले आजोबा नातवाला डोळे दाखवायला शहरात आणतात, कर्करोग निघतो, आणि दृष्टी जाण्याआधी जग एकदा डोळे भरून दाखवावं म्हणून आजोबा त्याला इस्पितळातून बाहेर घेऊन जातात. इतका स्वच्छ, इतका मायेचा चित्रपट क्वचित होतो. पण ज्या घरात कुणाची केमोथेरपी चालू आहे, तिथं हा आज लावायचा का? कदाचित लावायचाही. काही माणसांना आपलं दुःख पडद्यावर पाहून हलकं वाटतं, काहींना ते असह्य होतं. त्या माणसाला आधी विचारा, एवढंच माझं म्हणणं आहे. ‘नाळ’चंही तसंच. नदीकाठच्या गावातला चैत्या, आणि आपली आई आपली जन्मदाती नाही हे त्याला एक दिवस कुणाकडून तरी कळतं. मुलांच्या खेळाचं, पोहण्याचं, कोंबड्यांमागे धावण्याचं जग त्यात इतकं सुंदर आलं आहे की कुणीही ‘मुलांसाठी छान’ म्हणून सुचवेल. तुमच्या घरी किंवा त्या संध्याकाळी तुमच्याकडे आलेल्या पाहुण्यांमध्ये दत्तक घेतलेलं मूल असेल आणि त्याला अजून सांगितलेलं नसेल, तर? सांगितलेलं असेल तर हाच चित्रपट त्या घराला मोठा आधार होऊ शकतो. चित्रपट एकच, फरक घराचा.

‘तारे जमीन पर’ तर अनेक पालक अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलाला मुद्दाम दाखवतात. दाखवा, पण ‘बघ, त्याच्यासारखं कर’ असं म्हणू नका. तो चित्रपट मुळात त्यातल्या ईशानच्या वडिलांसारख्या बापांसाठी आहे. आणि ‘श्यामची आई’ लावताना, अत्र्यांची १९५३ची असो की सुजय डहाके यांची २०२३ची, आजच्या मुलाच्या मनात प्रश्न उभे राहणार हे धरून चाला: आई इतकं का मारते, इतकी गरिबी का, आणि शेवटी ती का जाते. श्यामच्या आईची थोरवी सांगण्याआधी त्या प्रश्नांना उत्तरं द्या.

यातलं सगळ्यांत मोठं उदाहरण सगळ्या महाराष्ट्रानं एकत्र अनुभवलं आहे. २०१६च्या उन्हाळी सुट्टीत ‘सैराट’ आला. गाणी आधीच घरोघरी वाजत होती, हळदीत मुलं त्यांवर नाचत होती. गावंच्या गावं ट्रॅक्टर-टेम्पो भरून थिएटरात गेली, कडेवरच्या पोरांसकट. आणि शेवटच्या काही मिनिटांत ते रक्ताचे ठसे उमटवत चालणारं बाळ आलं. थिएटरं सुन्न झाली. नागराज मंजुळे यांनी तो शेवट तसा केला म्हणून मी त्यांना दोष देत नाही. जातीसाठी पोटच्या पोरांचे गळे कापणाऱ्या समाजाला ते दाखवायलाच हवं होतं. पण पाच-सहा वर्षांच्या मुलानं ते का पाहिलं? कारण आपण गाण्यांवरून सिनेमा निवडला. ट्रेलर आणि गाणी सिनेमा विकण्यासाठी असतात, शेवट त्यांत कधीच नसतो. म्हणून घरात निवडणाऱ्या माणसानं शेवट माहीत करून घ्यावा, असं मी आग्रहानं सांगतो. रहस्य फुटेल म्हणून कचरू नका. घरातल्या एकाचं रहस्य फुटलं तरी चालेल, बाकीच्यांची झोप शाबूत राहील. पाहून आलेल्या शेजाऱ्याला विचारा, कथानक पूर्ण वाचा, आणि घरी लावायचा असेल तर आदल्या रात्री पहिली वीस आणि शेवटची पंधरा मिनिटं स्वतः पाहून ठेवा.

आता कुणी म्हणेल, मग सगळं गोडगोडच दाखवायचं का? मुळीच नाही. तेरा-चौदाच्या पुढच्या मुलांना बोचणारे चित्रपट दाखवलेच पाहिजेत, आणि ते घरच्यांबरोबर दाखवले पाहिजेत. ‘फँड्री’मधला जब्या तुमच्या मुलाच्याच वयाचा आहे. त्याला शाळेत जायचं आहे, आवडलेल्या मुलीनं आपल्याकडे एकदा पाहावं असं वाटतं आहे, आणि तिच्याच समोर, सगळ्या गावासमोर, त्याला घरच्यांबरोबर डुक्कर धरावं लागतं. त्यात चुंबन नाही. पण चार भिंतींत जातीविषयी आपण काय काय बोलून जातो ते आपल्या मुलांनी ऐकलेलं असतं, आणि हा चित्रपट संपला की मूल आपल्याकडे पाहतं. त्या नजरेला उत्तर देण्याची तयारी करून मगच ‘फँड्री’ लावा. पण लावा. रवी जाधव यांचा ‘बालक-पालक’ही असाच. वयात येणाऱ्या मुलांच्या मनातले प्रश्न, आणि घरात कुणी बोलत नाही म्हणून भलत्या ठिकाणी उत्तरं शोधणारी चाळीतली चार पोरं. पालकांनी आधी एकट्यानं पाहावा, दोन दिवस जाऊ द्यावेत, आणि मग मुलांबरोबर पाहावा. अवघडल्यासारखं होईल. ते अवघडलेपण मुलांना दिसलं तरी हरकत नाही. आईबाबा अवघडले तरी उठून गेले नाहीत, हेही त्यांना दिसेल.

आजीआजोबांचा विचार आपण बहुधा ‘त्यांना काही चालत नाही’ एवढाच करतो. त्यांना काय आवडतं ते मात्र कुणी विचारत नाही. ऐकू कमी येतं, सबटायटल भराभरा पळतात, अंधाऱ्या रंगांतले नवे चित्रपट डोळ्यांना दिसत नाहीत, अडीच तास एका जागी बसवत नाही. मराठी संवाद असलेला, उजेडात घडणारा, दीड-दोन तासांचा चित्रपट निवडा आणि मध्ये दहा मिनिटं थांबा. थिएटरातलं मध्यंतर उगाच नसतं. ‘अशी ही बनवाबनवी’ १९८८पासून तीन पिढ्या एकत्र पाहताहेत, याचं एक कारण असंही आहे की त्यातल्या चौघांची पुण्यात खोली मिळवण्याची वणवण आजोबांनीही भोगलेली असते आणि नातवालाही कळते.

तर मग नेमकं काय लावावं, असं मला कुणी विचारलं की मी पहिलं नाव घेतो ते ‘एलिझाबेथ एकादशी’चं. परेश मोकाशी यांचा २०१४चा चित्रपट, दीड तासाच्या आसपासचा. पंढरपूरचं एक घर. वडील नाहीत, त्यांनी बनवलेली एक सायकल आहे आणि तिचं नाव एलिझाबेथ. आईचं यंत्र कर्जापायी अडकलेलं, सायकल विकायची वेळ आलेली, आणि कार्तिकीच्या गर्दीत पोरं आईच्या नकळत बांगड्यांचं दुकान मांडतात. पाच वर्षांच्या मुलाला त्यात सायकल दिसते. दहा वर्षांच्याला आईपासून काही लपवताना पोटात येणारा गोळा कळतो. आईला त्या आईचा ताठा कळतो, आणि आजीला पंढरपूर. एकाच खोलीतल्या चौघांना चार वेगळे चित्रपट दिसतात, आणि चौघांनाही आपापला पुरतो. माझ्या लेखी कौटुंबिक चित्रपट तो हाच. यात गरिबी आहे, मृत्यूची सावली आहे, मुलांचं खोटं बोलणंही आहे. तरी तो कुणालाही खोलीबाहेर काढत नाही.

त्याच वर्षीचा बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार ‘एलिझाबेथ एकादशी’बरोबर विभागून मिळालेला तमिळ ‘काक्का मुट्टै’ही शोधून पाहा. चेन्नईच्या झोपडपट्टीतल्या दोन भावांना पिझ्झा खायचा आहे, इतकीच गोष्ट. आणि माजिद माजिदी यांचा इराणी ‘चिल्ड्रन ऑफ हेवन’. बहिणीचे बूट भावाच्या हातून हरवतात, घरी सांगायची सोय नाही, म्हणून सकाळी ती आणि दुपारी तो, असे एकाच जोडीत दोघं शाळेला धावत जातात. पुढे शर्यतीत तिसऱ्या क्रमांकाला बुटांचं बक्षीस असतं, आणि मुलगा पहिला येऊन रडतो. भाषा फारसी आहे म्हणून घाबरू नका. संवाद थोडे आहेत. मोठ्यांपैकी एकानं सबटायटल वाचून मराठीत सांगत जावं. मुलांना ते फार आवडतं, आणि ज्यांना वाचता येत नाही त्या आजीही गोष्टीत राहतात. परदेशात वाढणाऱ्या आपल्या नातवंडांना मराठी चित्रपट दाखवतानाही हीच युक्ती उलटी करून वापरता येते. अविनाश अरुण यांचा ‘किल्ला’ मात्र थोडा मोठ्या मुलांसाठी ठेवा, अकरा-बाराच्या पुढच्या. वडील गेल्यावर आईच्या बदलीमुळे कोकणात आलेला चिन्मय, नवी शाळा, नवे मित्र, आणि पावसात किल्ल्यावर एकटं पडणं. त्यात फारसं काही घडत नाही, म्हणून लहान मुलं चुळबुळ करतात. ज्यानं नुकतीच शाळा बदलली आहे ते मूल मात्र हलत नाही.

पाहताना काही गोष्टी पाळा. सगळ्यांचे मोबाइल दुसऱ्या खोलीत, मोठ्यांचे आधी. घरातल्या कुणालाही, अगदी धाकट्यालाही, ‘मला नको, बंद करा’ म्हणण्याचा हक्क असू द्या, आणि तो वापरला तर ‘घाबरट’ म्हणून चिडवू नका. सगळी काळजी घेऊनही नको ते दृश्य आलंच, तर धावाधाव करू नका. आपण घाबरून उडी मारली की मुलाच्या लक्षात दृश्याऐवजी आपली उडी राहते आणि कुतूहल दुप्पट होतं. शांतपणे पुढे ढकला किंवा तसंच जाऊ द्या, आणि नंतर मुलानं विचारलं तर त्याच्या वयाला पेलेल एवढं खरं उत्तर द्या.

चित्रपट संपल्यावर ‘यातून काय शिकलास?’ हे कृपा करून विचारू नका. तो धडा नव्हता. ‘तुला कोण आवडलं?’, ‘तू तिच्या जागी असतीस तर सांगितलं असतंस का?’ असं काही विचारा, किंवा काहीच विचारू नका. मुलं दोन दिवसांनी आंघोळ करताना किंवा शाळेच्या वाटेवर अचानक बोलतात. तेव्हा ऐकायला आपण हजर असलो म्हणजे झालं. पंधरा-सोळाच्या मुलांना महिन्यातून एक सिनेमा त्यांच्या मनाचा निवडू द्या आणि आपण पूर्ण वेळ बसा, नाकं न मुरडता. ते आपल्याला काय दाखवू इच्छितात त्यावरून त्यांच्याबद्दल बरंच कळतं.

आणि शेवटची विनंती. मुलांसाठी चांगले चित्रपट आपल्याकडे थोडे होतात. १९५५मध्ये सरकारनं बालचित्रपट समिती काढली होती, २०२२मध्ये ती राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. आता असा चित्रपट बहुधा कुणा निर्मात्याच्या हिमतीवर बनतो, आणि थिएटरात त्याच्या वाट्याला येतात ते मोजके आणि गैरसोयीचे खेळ. पहिल्या शुक्रवार-शनिवार-रविवारी खुर्च्या रिकाम्या राहिल्या की सोमवारी तो उतरतो. ओटीटीवर येईल तेव्हा पाहू म्हणून आपण थांबतो, आणि तसा पुढचा चित्रपट काढायला कुणी धजत नाही. म्हणून मुलांसाठी चांगला चित्रपट लागला आहे असं कळलं तर पहिल्याच रविवारी जा. सोसायटीच्या आणि शाळेतल्या पालकांच्या ग्रुपवर टाका, वीस-पंचवीस कुटुंबं जमवा, आणि थिएटरच्या व्यवस्थापकाला आधी भेटून सकाळचा खेळ मागा. रात्रीच्या खेळाला लहान मुलं मध्यंतरापर्यंतच जागी राहतात.